रणगाड्याची प्रतिकृती : कशावरून ठरवायचे?

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांचे नेहमीचे प्रमाण १:३५. हा आकडा कोणत्याही शास्त्रीय नियमातून आलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने ‘पँथर’ रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. आत मोटार व विजेऱ्या मावतील एवढा तिचा आकार ठेवला आणि पुढे तेच प्रमाण रूढ झाले.

‘टायगर’ रणगाडा सुमारे ३.७ मीटर रुंद होता. त्याची प्रतिकृती साडेदहा सेंटिमीटर भरते. समोरचे १० सेंटिमीटर जाडीचे चिलखत जेमतेम ३ मिलिमीटर होते. वजनाचे काय? तिन्ही मापे ३५ पटींनी घटली, म्हणजे घनफळ ४२,८७५ पटींनी घटले. मूळ वजन ५७ टन. तेच पोलाद वापरले तर प्रतिकृती सुमारे १.३ किलोची होईल. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ मात्र १,२२५ पटींनीच घटते. म्हणून दाब ३५ पटींनी कमी होतो. मूळ यंत्र चिखलात का रुते, हे प्रतिकृतीवरून कळत नाही ते यामुळेच.

मापे मिळवायची कशी? अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) १९९४ साली लष्कराने रणगाडा संग्रहालय उभारले. तेथे खरी यंत्रे पाहता येतात. पण आखाडा बाळापूरहून तेथे वारंवार जाणे अवघडच. मग छायाचित्राचा आधार घ्यावा. टायगरचे चाक ८० सेंटिमीटर व्यासाचे. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात ते १६ मिलिमीटर भरले, तर छायाचित्राचे प्रमाण १:५० झाले. परंतु बुरूज चाकांच्या मागे असतो. छायाचित्र जवळून घेतलेले असेल तर तो प्रमाणापेक्षा लहान दिसतो.

रंगाची गोष्ट आणखी बोलकी आहे. युद्धारंभीचे जर्मन रणगाडे केवळ गडद करड्या रंगाचे होते, असे बरीच वर्षे मानले जाई. लष्करी आदेश तपासल्यावर कळले की, जुलै १९४० पर्यंत एक तृतीयांश भाग गडद तपकिरी रंगवण्याचा नियम होता. दोन्ही रंग सारखेच गडद असल्याने कृष्णधवल छायाचित्रात फरक जवळजवळ पुसला गेला होता. संग्रहालयातील यंत्रावरूनही हे ठरवता येत नाही, कारण अशी यंत्रे पुन्हा रंगवली जातात. उलट, आदेश निघाला म्हणजे तो पाळला गेलाच असे नाही. ते पाहायला पुन्हा छायाचित्रच हवे. एक पुरावा दुसऱ्याला तपासतो तो असा.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. शाळेजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे बाजूने छायाचित्र घ्यावे, मागच्या चाकाचा व्यास मोजावा आणि त्यावरून ट्रॅक्टरची उंची काढावी. मग टेप लावून पडताळावे. उत्तरात फरक पडला तर तो का पडला, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे, असे आम्हांला वाटते.