आज्याचं राज्य कोणतं?

सकाळी पावणेदहा. संगणक सुरू करायच्या आधी कळफलकावर फडकं मारावं लागतं. कोळशाचे ट्रक नि चुन्याच्या भट्ट्या, दोन्हींची धूळ राजुरात फुकट मिळते. मी ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक. गावात मला दाखलेवालाच म्हणतात.

साडेदहा. रहिवासी दाखला, नमुना आठचा उतारा, नळाला पाणी नसल्याची तक्रार. रोजचंच. जनगणनेच्या लेखी राजूर शहर आहे. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरमागे किमान ४०० माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं भरलं की त्या वहीत गाव शहर होतं. कारभार मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं. गर्दी शहराची, टेबल पंचायतीचं!

साडेअकरा. निकाल लागलेत, म्हणून जातीच्या दाखल्यांची झुंबड. एक बाई पोराला घेऊन आल्या.

"बापू, फॉर्म परत आला जी. आज्याचा कागद दुसऱ्या राज्याचा हाये म्हणते."

कागद पाहिला. दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुलै १९५० चा, शाळा वणी तालुक्यातली. खाली ठसठशीत: जिल्हा यवतमाळ, मध्यप्रदेश. तपासणाऱ्यानं तेवढंच वाचलं असावं. तेव्हा अख्खा वऱ्हाड मध्यप्रदेशातच होता, राजधानी नागपूर. त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाड, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. म्हातारा जागचा हलला नाही. राज्यंच त्याच्या डोक्यावरून गेली. त्याच्याही आधी, १९०५ पर्यंत, या जिल्ह्याचं नावच वणी होतं, हे वणीकर अजून ऐकवतात.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. यांचा महिनाभर आधीचा निघाला. अर्जासोबत चार ओळींचा खुलासा टाईप करून दिला.

दीड वाजता डबा. सर्व्हरही त्याच वेळी जेवतो.

अडीच. हे प्रकरण अवघड. पोरगा राजुरातच जन्मला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, बोलतो आमच्यासारखंच. जात अनुसूचितच. पण आजा आजच्या तेलंगणातून खाणीवर आला तो १९७३ ला खाणी सरकारजमा झाल्यावर. दाखला मिळेल, पण मूळ राज्याच्या कागदावरून. महाराष्ट्राच्या सवलती त्यावर मिळत नाहीत. त्याच्याच चाळीतल्या इतर मागासवर्गीय घराला तारीख लागते १३ ऑक्टोबर १९६७ ची. त्यांचा आजोबा त्याआधी आला होता, कॉलरीची जुनी कागदं ट्रंकेत जपलेली. त्यांचं जमलं. मला हा नियम कळतो, पटत नाही. तीन पिढ्या इथला कोळसा काढल्यावर माणूस कुठला, हे अजून आज्याच्या गाडीच्या तारखेवरून ठरतं.

"मग मी कुठचा, दादा?" पोरानं विचारलं.

"फॉर्मात तेलंगणाचा. मतदार यादीत राजूरचा."

पावणेसहा. बाईंचा अर्ज एकदाचा चढला, पावती निघाली. जन्माचा आणखी पुरावा मागितलाच तर वणी तहसीलातून कोतवाल बुकाची नक्कल काढा म्हणून सांगितलं. पोराला म्हटलं, घरी विचार, गावाकडे चुलत्यांपैकी कोणी आहे का. आज्याचा दाखला तिथूनच निघेल, आणि प्रवेशाची शेवटची तारीख आधी बघून ठेव.