बॅकअप आहे, पण उघडतो का?

फायनल इयरचा प्रोजेक्ट. सबमिशन उद्या सकाळी. रात्री दोनला लॅपटॉप मान टाकतो आणि तुम्ही म्हणता, 'चिल, बॅकअप आहे!' पण खरं सांगा, तो बॅकअप तुम्ही शेवटचा उघडून कधी पाहिलात?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री हाच प्रश्न गिटलॅबसमोर उभा राहिला. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात, ती ही साइट. त्या रात्री डेटाबेसवर लोड वाढला आणि दुसऱ्या सर्व्हरवरची त्याची कॉपी मागे पडली. ती नव्याने सुरू करायला एका इंजिनीअरने तिथला फोल्डर डिलीट करायची कमांड दिली. पण ती चालली मुख्य सर्व्हरवर! चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

आता तुम्ही विचाराल, डेटाबेस तर डेटा टिकवण्याची हमी देतो ना? देतो की. प्रत्येक बदल तो आधी डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहितो, मगच 'सेव्ह झालं' म्हणतो. त्यामुळे लाइट गेली तरी नोंद राहते. पण अख्खा फोल्डरच उडवला तर लॉगही गेला. तिथे बॅकअपच लागतो.

आणि बॅकअप? तो घेणारं सॉफ्टवेअर चुकीच्या व्हर्जनचं होतं, त्यामुळे ते दर वेळी फेल होत होतं. त्याच्या सूचनेचे ईमेल मेल सर्व्हरच नाकारत होता. म्हणजे कुणालाच पत्ता नाही! वाचवलं ते टेस्टिंगसाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. लोकांचा कोड वाचला, पण त्या सहा तासांतल्या कमेंट्स आणि नव्या युजर्सच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

कंपनीने मात्र काही लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, काय चुकलं तेही सविस्तर जाहीर केलं.

आपण काय करायचं? सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते. म्हणून एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि या रविवारी ती मित्राच्या लॅपटॉपवर उघडून प्रोजेक्ट रन करून बघा. नाही उघडली, तर रविवारी कळलेलं बरं. व्हायव्हाच्या सकाळी नको!