रेशमावर रंगकामाची पेटी घेताना

भगिनींनो, रेशीम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैठणी येते, नाहीतर लग्नातला शालू. पण पांढऱ्या रेशमी कापडावर कुंचल्याने रंग भरून गळ्यातले रुमाल, ओढण्या करण्याचीही एक कला आहे. शिकणाऱ्यांसाठी तिच्या तयार पेट्या मिळतात. पेटीत कापडाचा तुकडा, लाकडी चौकट, रंगांच्या बाटल्या, कुंचले आणि रेषा काढण्याची एक नळी असते. शेतीखात्यातला माणूस या विषयात कसा शिरला, असे तुम्ही विचाराल. शिरलो तो स्वतःच्या चुकीमुळे.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या मराठवाड्यातील एका गावात पाच-सहा घरी तुतीची लागवड आहे. कोष जालन्याच्या बाजारात जातात. तिथल्या बचत गटाच्या बायका एकदा म्हणाल्या, "साहेब, अळीला पाला आम्ही घालायचा, कोष आम्ही वेचायचे, आणि रेशमाचं कापड मात्र दुकानाच्या काचेतूनच बघायचं का?" त्यांच्यातल्या एका सूनबाईंचा हात चित्रकलेत चांगला. मी उत्साहाने सांगितले, "पेटी आणा, त्यात सगळे एकत्र मिळते." गटाच्या पैशातून शहरातल्या एका दुकानातून चार पेट्या आल्या. महिन्याभराने त्यांनी मला बोलावून घेतले. सूनबाईंनी आठ दिवस खपून मोराचा रुमाल काढला होता. पहिल्याच धुण्यात बादलीतले पाणी निळे झाले आणि मोर गेला. "आता गटाला काय सांगू?" एवढेच त्या म्हणाल्या. पेटी मी आणायला सांगितली होती, तेव्हा उत्तर मलाच शोधणे भाग होते.

मी त्या रुमालाच्या कडेचे चार धागे उपसले, पीळ दिला आणि काडी लावली. धागे वितळले, आक्रसले आणि टोकाला कडक काळा मणी धरला. कापड रेशमाचे नव्हतेच, पॉलिएस्टर होते. ही परीक्षा घरातल्या कोणालाही येते. चिमट्यात धागे धरावे, खाली पाण्याची वाटी ठेवावी, लहान मुलांना दूर बसवावे. खरे रेशीम हळूहळू जळते, ज्योत काढून घेतली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कारण केसांप्रमाणे रेशीमही प्रथिनाचेच बनलेले असते. कागद जळल्यासारखा वास आला तर ते सूत किंवा रेयॉन समजावे. पेटीवर 'आर्ट सिल्क' असे छापलेले असेल तर फसू नका. इथे 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल, म्हणजे कृत्रिम. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 साली 'सिल्क मार्क' सुरू झाला. ती चिठ्ठी असेल तर उत्तमच. नसेल तर दुकानदाराकडे दोन धागे मागावे. धागे द्यायला कुरकुर करील त्याच्याकडून कापड घेऊ नये.

कापड रेशमाचे आहे एवढ्यानेही भागत नाही. कोषाच्या तंतूवर सेरिसिन नावाचा डिंक असतो. कच्च्या रेशमाचे जवळजवळ चौथाई वजन त्याचेच. तो काढलेला नसेल तर रंग सारखा बसत नाही, ठिकठिकाणी ठिगळे दिसतात. कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. चटकन पसरला तर ठीक. तसाच मण्यासारखा उभा राहिला तर कापड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, वाळवून मगच रंगवायला घ्यावे. भंडारा-गडचिरोलीकडील बहिणी विचारतील, आमच्या टसरचे काय? टसर सुंदर, पण त्याचा मूळचाच रंग मधासारखा. त्यावर फिका गुलाबी, पिवळा उठत नाही. शिकताना पांढरे तुतीचे रेशीमच बरे.

कापडाचा जाडपणा 'मॉमी' या मापात सांगतात. 8 मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे 35 ग्रॅम. नव्याने शिकणाऱ्यांना 5 ते 8 मॉमीचे हबोटाई कापड सोयीचे. पुष्कळ दुकानांत ते 'चायना सिल्क' नावाने मिळते. याहून जाड का नको, ते रेषेच्या नळीचे काम कळले की ध्यानात येईल.

या नळीत गुट्टा म्हणून एक चिकट द्रव असतो. त्याने चित्राची बाह्यरेषा काढायची, ती वाळली की आत रंग सोडायचा. रंग कापडात आपोआप पसरत जातो आणि रेषेपाशी थांबतो. वाफ्यात पाणी सोडावे आणि ते बांधाला अडावे, तसे. बांधाला खेकड्याचे एक बीळ असले तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. इथेही रेषेत केसाएवढी फट राहिली की निळा रंग पिवळ्यात घुसतो. म्हणून रेष वाळल्यावर चौकट उजेडापुढे धरून मागून पाहावे. गुट्टा कापडाच्या पाठीपर्यंत मुरला पाहिजे. जाड कापडात तो मुरत नाही आणि रंग खालून पळतो. पेटी घेताना नळीचे टोक बारीक आहे ना, आतला द्रव गोठलेला नाही ना, हे हलवून पाहावे. सुरुवातीस पाण्यात सुटणारा बिनरंगी गुट्टा घ्यावा. रंग पक्का केल्यावर तो धुऊन निघतो आणि पांढरी रेष राहते. सोनेरी गुट्टा कापडावरच राहतो, तो दिसतो छान, पण हात बसल्यावर घ्यावा.

आता रंग. आमचे दुसरे पाऊल इथेच चुकले. रेशमाचे रंग मुख्यतः दोन जातींचे असतात. एक इस्त्रीने पक्का होतो, दुसरा वाफेने. दोन्हींच्या बाटल्या दिसायला सारख्याच. आमच्या पेटीतले रंग वाफेचे होते आणि तशी सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत तळाशी होती. सूनबाईंनी नुसती इस्त्री फिरवली. शिवाय हे रंग प्रथिनाच्या धाग्यालाच धरतात. पॉलिएस्टरवर वाफ देऊनही ते टिकले नसते. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: इस्त्री की वाफ?

वाफेचे रंग अधिक झळकतात आणि कापड मऊच राहते. पण रंगवलेले कापड कोऱ्या, न छापलेल्या कागदात गुंडाळून, पाण्याला न टेकवता, वर थेंब पडू न देता तास-दोन तास, बाटलीवर लिहिले असेल तितका वेळ, वाफवावे लागते. वर्तमानपत्र गुंडाळू नये, शाई उमटते. मोदकपात्रासारखे भांडे चालते, पण एकदा रंगाला वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये. ही गोष्ट सासूबाईंनाही सांगून ठेवावी. एवढा खटाटोप पहिल्या वेळी नको. माझे मत असे की पहिली पेटी इस्त्रीच्या रंगांचीच घ्यावी. कापड किंचित ताठ वाटते, पण शिकणाऱ्याचा हुरूप टिकतो. कोळशाच्या इस्त्रीचा भरवसा नको, तिची उष्णता कमीजास्त होते आणि राखही पडते. विजेची इस्त्री घ्यावी आणि कापडाच्या उलट्या बाजूने फिरवावी.

पंधरा-वीस रंगांची पेटी बघून भुलू नका. लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढ्यांतून बरेच साधते. फिका रंग हवा तर पाणी घालावे, पांढरा लागत नाही, कापडच पांढरे असते. कुंचले गोल, मऊ, भरपूर पाणी धरणारे दोन पुरेत. चौकट सरकती असावी. कापड त्यावर डफासारखे ताणले गेले पाहिजे. मध्ये झोळ पडला तर रंगाचे तळे साचते. काही पेट्यांत 'विशेष मीठ' म्हणून पुडी असते आणि तिचे वेगळे पैसे लावतात. आपल्या घरचे खडेमीठ तेच काम करते. रंग ओला, चकाकत असतानाच खडे पेरावे. मीठ पाणी ओढते, पाण्यामागे रंग जातो आणि फुलासारख्या नक्ष्या उमटतात. पावसाळ्यात मात्र हवेनेच मीठ पाणावते आणि नक्षी नीट उठत नाही.

गटाच्या चार पेट्यांचे काय झाले ते सांगतो. दुकानदाराने माल परत घेतला नाही. कापड वाया गेले, ते आता बायका कच्चे आराखडे काढायला वापरतात. रंग मात्र चांगले निघाले. चौकटी, कुंचलेही कामास आले. आम्ही खरे कापड आधी पाव मीटरच मागवले, धागा जाळून पाहिला, मग तीन मीटर घेतले. कापडाचे पैसे मी दिले, ते गटाने हप्त्याने परत केले. मी नको म्हटले तरी हिशेबाच्या वहीत तसे लिहिले. वाफवण्यासाठी जुने पातेले एका आजींनी दिले. पहिला रुमाल थेंब पडून डागळला, दुसरा बरा झाला. गेल्या खेपेस गेलो तेव्हा सूनबाई पुन्हा मोरच काढत होत्या. मानेपाशी रेषेला एक फट होती. मी ती दाखवण्याआधीच त्यांनी नळी हातात घेतली होती.