तापीचा पूर आणि सुरतेतील कैफियती

मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर असून त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात मोडतो. पाऊस एका राज्यात व पूर दुसऱ्या राज्यात, अशी ही स्थिती होय.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचा विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. या आपत्तीची कैफियत दोन प्रकारे मांडली गेली. पाणलोट क्षेत्रातील असाधारण पर्जन्य हे कारण, असे प्रशासनाचे म्हणणे. जलाशय वाजवीपेक्षा अधिक भरलेला ठेवला, असे टीकाकारांचे. वस्तुतः हा पेच धरणाइतकाच जुना आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाईकडून सिंचन, वीज व पूरनियंत्रण अशा तिन्ही अपेक्षा आहेत. पहिल्या दोहोंसाठी जलाशय भरलेला हवा, तिसऱ्यासाठी त्यात जागा रिकामी हवी. पाण्याची व विजेची मागणी आकड्यांत मांडता येते; न आलेल्या पुराचा हिशेब कोणी मांडावयाचा?

पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने चाललेल्या आशियाई शहरांच्या हवामानबदलविषयक कार्यक्रमात सुरतेचा समावेश झाला. महानगरपालिका, व्यापारी-उद्योजकांचे मंडळ व तज्ज्ञ एकत्र आले, पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी राहिली आणि २०१३ मध्ये सुरत हवामान बदल न्यास स्थापन झाला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे.

तथापि अशा बैठकीत प्रत्येकाच्या बोलण्याला सारखे वजन नसते. अभियंता क्युसेकमध्ये बोलतो. व्यापाऱ्याच्या भिजलेल्या मालाची नोंद खतावणीत सापडते. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील यंत्रमाग कामगार, ज्यांत खानदेशातून आलेले मराठी भाषिक पुष्कळ, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले व किती दिवस माग बंद राहिला, एवढेच सांगू शकतो. बुडालेल्या रोजाची पावती नसते. म्हणून ते कथन ‘अनुभव’ ठरते आणि पहिले दोन ‘माहिती’. वास्तविक पायरीची खूण ही पाणपातळीची नोंदच होय. ती नकाशावर चढविणे मुळीच अवघड नाही.

नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतील कुटुंबांना कोसाडसारख्या वसाहतींत घरे मिळाली. पुरापासून दूर जाणे म्हणजे अनेकदा कामापासूनही दूर जाणे, ही बाब पुराच्या नकाशात दिसत नाही. उकाईच्या बुडितात जमिनी गेलेल्या नवापूर तालुक्यातील आदिवासींची कैफियत तर याहूनही जुनी आहे.