पाऊस, मीठ आणि मिरची

चीनच्या नकाशावर एक रेघ आहे. ती कुठल्या प्रांताची हद्द नाही, पण तिच्या अलीकडे-पलीकडे जेवण बदलतं. पश्चिमेची छिनलिंग पर्वतरांग आणि पूर्वेची ह्वाय नदी यांना जोडणारी ही रेघ १९०८ साली झांग शिआंगवेन या भूगोलतज्ज्ञाने दाखवून दिली. वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटरच्या वर आणि जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या वर, तो दक्षिण चीन. दोन्ही खाली, तो उत्तर. दक्षिणेत भाताची खाचरं, उत्तरेत गहू आणि भरडधान्यं. घाट उतरून कोकणात गेलं की भाकरीच्या जागी भात येतो, तसाच हा प्रकार. फक्त पसारा खंडाएवढा.

ही रेघ सनातन वाटते, पण तिच्या उत्तरेचा गहू मुळात पाहुणा आहे. उत्तर चीनचं जुनं धान्य म्हणजे राळा आणि वरी. छिंगहाय प्रांतात लाजिया इथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भूकंपात आणि पुरात गाडल्या गेलेल्या वस्तीत पालथ्या वाडग्याखाली नूडल्स सापडल्या. त्या याच भरडधान्यांच्या होत्या, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. गहू पश्चिम आशियातून आला आणि बराच काळ अख्खाच शिजवून खाल्ला गेला. तसा तो चिवट लागे, म्हणून त्याची गणना हलक्या धान्यात होई. हान राजवटीत फिरती जाती पसरली, पुढे थांग राजवटीत पाणचक्क्या आल्या, आणि पीठ दळता येऊ लागल्यावर गव्हाचं नशीब फिरलं. वाफवलेले पाव, रोट्या, ताणलेल्या नि कापलेल्या नूडल्स हा उत्तरेचा सगळा संसार जात्यातून निघाला आहे.

खाण्याची पद्धतही धान्यामागे गेली. राळ्याची खिमट चमच्यानेच खाल्ली जाई. काड्या होत्या, पण त्या रश्श्यातल्या भाज्या उचलण्यापुरत्या. नूडल्स घरोघरी रुळल्या, दक्षिणेचा चिकटसर भात पसरला, आणि दोन्ही काड्यांनी उचलता येतात म्हटल्यावर चमचा सूपापुरता उरला. आज ‘चिनी’ म्हणून डोळ्यांपुढे येणारी काड्यांची सवय अशी हळूहळू घडलेली आहे.

सणावारीही रेघ दिसते. दक्षिणायन संपतं त्या दिवशी उत्तरेत जिआओझी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या; दक्षिणेत थांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठीचे पाण्यात उकळलेले गोळे. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री उत्तरेत घरातली सगळी माणसं जिआओझी भरायला बसतात, तर यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात तांदळाचा नियानगाव हवा. ड्रॅगन नौकांच्या सणाला पानात बांधून शिजवलेला झोंगझी दोन्हीकडे होतो, पण उत्तरेत त्यात गोड बोरं आणि दक्षिणेत जिआशिंगसारख्या गावी खारं डुकराचं मांस. न्याहारीच्या मऊ टोफूवर साखरेचा पाक घालायचा की सोयासॉस, यावरून चिनी लोक अजूनही हौसेने भांडतात. इथे मात्र गोडाची बाजू दक्षिणेची.

पण केवळ पावसाने सगळं ठरलं असतं, तर दक्षिणेचं जेवण एकसारखं व्हायला हवं होतं. ते तसं नाही, आणि याचा सर्वांत बोलका साक्षीदार आहे मिरची.

मिरची अमेरिकेतून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रमार्गे आली. चिनी ग्रंथांतला तिचा पहिला ज्ञात उल्लेख १५९१ सालचा, हांगझोच्या गाव लियान या लेखकाचा. त्याने ती शोभेच्या झाडांमध्ये नोंदवली आहे. किनाऱ्यावरच्या सुखवस्तू शहरांना तिच्या तिखटाची गरज नव्हती. मासे होते, मीठ होतं, साखर होती, मुरवलेले सॉस होते. जिथे ती आधी पोचली, त्या हांगझोचं जेवण आजही सौम्यच आहे.

मिरचीला पोटात जागा दिली ती आतल्या डोंगरी मुलखाने. ग्वेझो प्रांतात मीठ पिकत नाही. ते सिचुआनमधून नद्यांनी आणि पुढे हमालांच्या पाठीवरून यायचं, आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर राहायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्थानिक नोंदींत म्हटलं आहे की इथले म्याव आदी लोक मिठाऐवजी मिरची वापरतात. मिठाची उणीव आंबटानेही भागवली जाई. आंबवलेल्या रश्श्यात शिजवलेला मासा हा आजही ग्वेझोचा मानाचा पदार्थ आहे. पुढे मिरची हुनान, सिचुआन, युनान असा आतला प्रदेश व्यापत गेली.

दमट हवेत अंगातला ओलावा काढायला तिखट लागतं, असं चीनमध्ये सर्रास सांगितलं जातं. ग्वांगडोंगही तितकाच दमट आहे, पण तिथल्या जेवणात मिरची नावापुरती. तिथे दमटपणावर उतारा म्हणून तासन्‌तास उकळलेली सूपं आणि वनस्पतींचे कडवट काढे पितात. हवेपेक्षा खिसा आणि वाहतूक जास्त काही सांगून जातात.

सिचुआनची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. हा प्रांत मिरचीच्या कितीतरी आधीपासून झणझणीत खाण्यासाठी ओळखला जातो. चौथ्या शतकातल्या तिथल्या इतिहासग्रंथातही लोकांच्या या आवडीचा उल्लेख आहे. तेव्हाचा मसाला होता आलं आणि हुआजिआओ. हे छोटं सुकं फळ चावलं की ओठ बधिर होतात, जिभेवर मुंग्या येतात. मालवणी आणि गोव्याच्या बांगड्याच्या कालवणात पडणारी तिरफळं त्याच वंशातली, त्यामुळे कोकणी माणसाला हा अनुभव अगदीच परका नाही.

सतराव्या शतकाच्या मध्याला युद्ध आणि दुष्काळ यांनी सिचुआन ओस पडला. छिंग राजवटीने हुबेई, हुनान, ग्वांगडोंग, फुजियान, जिआंगशी इथून लोक आणून वसवले. आज ज्याला अस्सल सिचुआनी म्हणतात ते बहुतांशी या वसाहतीनंतरचं आहे. चवळी-वालाच्या जातीच्या बाकला शेंगांचे दाणे आणि मिरची मुरवून केलेली पिशियानची दोउबानजिआंग ही चटणी फुजियानहून आलेल्या छेन कुटुंबाच्या नावावर सांगितली जाते. छंगदूचा मापो टोफू १८६०च्या दशकातला, पुलाजवळच्या साध्या खाणावळीतला. आणि मीठ? ग्वेझोला नव्हतं, तर सिचुआनला जमिनीखाली मुबलक. झिगोंगमध्ये बांबूच्या दोरांनी आणि लोखंडी पहारींनी विहिरी खोदत कारागीर १८३५ साली १,००१ मीटर खोल गेले. सिचुआनी घराघरांतल्या लोणच्याच्या बरण्या त्या मिठावर उभ्या आहेत.

माणसं हलली की चव हलते, हे चीनला फार पूर्वी कळलं होतं. उत्तर सोंग राजवटीच्या कायफंग या राजधानीत दक्षिणी आणि सिचुआनी जेवणाच्या वेगळ्या खानावळी चालत. घरापासून लांब आलेल्या अधिकाऱ्यांची सोय तिथे होई. ११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन सैन्याने शहर घेतलं आणि दरबार दक्षिणेला, शेवटी हांगझोला, आला. सोबत उत्तरेचे आचारी, उत्तरेचे ग्राहक आणि गव्हाची मागणी आली. काही पिढ्यांनी तिथला एक लेखक नोंदवून ठेवतो की आता उत्तर-दक्षिण असा भेदच जेवणात उरला नाही.

वायव्येचा धागा निराळा. तिथे हुई मुसलमानांचं प्रमाण मोठं, म्हणून डुकराऐवजी मेंढी आणि गोमांस. शीआनमध्ये कडक रोटी स्वतःच्या हातांनी बारीक कुस्करून वाडगा आचाऱ्याकडे द्यायचा आणि त्यात मटणाचा रस्सा पडायची वाट बघायची, ही रीत आहे. लानझोच्या हाताने ताणलेल्या नूडल्सचं आजचं रूप १९१५च्या सुमाराला मा बावझी या हुई विक्रेत्याने घडवलं, असं मानतात. शीआनच्या शेजारच्या शान्शी प्रांतात ज्वारीपासून केलेला काळा व्हिनेगर टेबलावर पाण्यासारखा लागतो.

दुसऱ्या टोकाला ग्वांगडोंग. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय जहाजांना व्यापारासाठी ग्वांगझो हेच एक बंदर खुलं होतं. पैसा होता, ताजी मासळी होती. तिथे चवीची कसोटी म्हणजे मूळ जिनसाचा ताजेपणा. जिवंत मासा निवडायचा, आलं-कांदापात घालून मोजकी मिनिटं वाफवायचा, वर गरम तेल नि सोयासॉस. सकाळी चहाघरात वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि बांबूच्या करंड्यांतले छोटे वाफवलेले पदार्थ सावकाश खायचे. मसाल्याची तिथे फारशी गरजच पडत नाही, कारण लपवण्यासारखं काही नसतं.

मग या सगळ्याची ‘आठ महान पाकशैली’ अशी नीटस वाटणी कुठून आली? शांडोंग, सिचुआन, ग्वांगडोंग, जिआंगसू, फुजियान, झजिआंग, हुनान, आन्हुई ही यादी प्राचीन म्हणून छापली जाते. ती रुळली मात्र १९८०च्या आसपास, सरकारी हॉटेलं आणि पर्यटन पुन्हा उभं राहत असताना. यादीत ग्वेझो नाही, युनान नाही, वायव्येचं मुसलमानी जेवण नाही. ज्या प्रदेशांचे व्यापारी आणि आचारी मोठ्या शहरांत पोचले, त्यांचं जेवण ‘शैली’ ठरलं. बाकीच्यांचं नुसतं गावचं खाणं राहिलं.

मूळ रेघही आता जागेवर नाही. थंडीला टिकणाऱ्या वाणांच्या जोरावर अगदी ईशान्येचा हैलोंगजिआंग प्रांत देशातल्या आघाडीच्या भातउत्पादकांत जाऊन बसला. त्या भागात भातशेतीचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या कोरियन शेतकऱ्यांनी घातला होता. देशभर ‘लानझो’च्या पाटीखाली चालणारी हजारो नूडल्सची दुकानं प्रत्यक्षात शेजारच्या छिंगहायमधल्या हुआलोंग या गरीब तालुक्यातल्या कुटुंबांची आहेत. शहरांत कामाला आलेल्या तरुणांना तिखट परवडतं आणि आवडतं, म्हणून एकेकाळी मिरचीला कुंडीत ठेवणाऱ्या पूर्व किनाऱ्यावरही सिचुआनी हॉटपॉटची गर्दी आहे.

याच साखळीतली एक कडी आपल्यापर्यंत येते. ग्वांगडोंगच्या डोंगराळ भागातले हाक्का लोक कोलकात्यात चामड्याच्या धंद्यात स्थिरावले, त्यांतल्या काहींनी उपाहारगृहं काढली. कोलकात्यातच वाढलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमाराला मुंबईत आलं-लसूण-हिरवी मिरची यांच्या फोडणीत सोयासॉस घालून ‘मंचुरियन’ केलं. मंचुरियात मिळतं ते आंबवलेला कोबी आणि डुकराचं मांस यांचं रटरटतं कालवण; त्याचा याच्याशी संबंध नाही. गाडीवरच्या शेजवान, म्हणजे नावापुरत्या सिचुआनी, चटणीत हुआजिआओही नसतो. म्हणून हे सगळं ‘खोटं चायनीज’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं. पण फुजियानच्या कुटुंबाने सिचुआनात येऊन केलेली चटणी अस्सल ठरत असेल, तर कोलकात्याहून आलेल्या माणसाने मुंबईच्या जिभेसाठी केलेल्या पदार्थाला तो मान नाकारायला कारण उरत नाही. तोही चिनी स्थलांतरितांच्या स्वयंपाकाचा आणखी एक प्रांत आहे. यादीत त्याचं नाव नाही, एवढंच.