हंगामी न्यायासन

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगला १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि तेथील दलितांच्या विहिरीचे पाणी त्यांनी शेंदले. गावाने ती आठवण जपली आहे. हक्क कोणाच्या मर्जीवर सोडू नयेत हे जाणणारे हेच बाबासाहेब २४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलत होते. हा अधिकार सरकारच्या हाती अनिर्बंध नसावा, हे त्यांना मान्य होते. परंतु सरन्यायाधीशांची संमती अनिवार्य करण्यासही त्यांनी नकार दिला. सरन्यायाधीशही अखेर माणूसच, हा त्यांचा युक्तिवाद. घटनेत मग ‘विचारविनिमय’ एवढाच शब्द आला.

त्या शब्दाचे बळ किती, हे सोलापूरच्या एका वकील घराण्याने पुढे अनुभवले. उमेश रंगनाथ ललित मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत त्यांनी तीन तरुणांना जामीन दिला. मुदत सरल्यावर त्यांना कायम केले गेले नाही. १९७३ मध्ये शेलत, हेगडे व ग्रोव्हर यांना आणि १९७७ मध्ये खन्ना यांना सरन्यायाधीशपदासाठी डावलले गेले, तेव्हा देशभर वादळ उठले. येथे मात्र काहीच करावे लागले नाही. कायम न्यायाधीशाला दूर करण्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. अतिरिक्त न्यायाधीशाच्या बाबतीत नुसते स्वस्थ बसणे पुरते!

मूळ दुखणे हेच आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने २२४ व्या कलमात हे फार तर दोन वर्षांचे पद आणले, ते तुंबलेले खटले निकालात काढण्यासाठी. पुढे तोच उच्च न्यायालयात शिरण्याचा नेहमीचा दरवाजा ठरला. हंगामी नोकरीत वरिष्ठांचा चेहरा का पाहावा लागतो, हे कोणत्याही कारकुनाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९३ च्या निकालाने नेमणुकीतील अखेरचा शब्द ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाकडे गेला. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा २०१५ मध्ये रद्द झाला आणि तो शब्द तेथेच राहिला. हात बदलला, पण हंगामी पद राहिलेच. २०२१ मध्ये याच मंडळाने नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा त्यांनी लावलेला अर्थ चुकीचाच होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दही केला. त्या निकालाची ललित यांनी दिलेल्या जामिनाशी तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही जी चूक अपिलात दुरुस्त होते, तिच्यापायी पदही जाणार असेल, तर उद्या एखादा योग्य पण अप्रिय निकाल लिहिताना हंगामी न्यायाधीशाची लेखणी किती स्थिर राहील?

ललित यांचे पुत्र उदय ललित २०२२ मध्ये देशाचे ४९ वे सरन्यायाधीश झाले. २०१४ मध्ये ते वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात आले होते. वडिलांना जेथे अडवले गेले, तो हंगामी उंबरठा त्यांच्या वाटेत आलाच नव्हता.