दिव्याभोवतीचे पाखरू

रात्री पडवीत दिवा लावला, की त्याभोवती पाखरे गोळा होतात. पुस्तकात त्यांना पतंग म्हणतात. बरेचसे पतंग निरुपद्रवी असतात. पण त्यातला एक मक्याचा शत्रू आहे. तो म्हणजे अमेरिकन लष्करी अळीचा पतंग.

हा मूळचा अमेरिका खंडातला. २०१६ साली तो आफ्रिकेत सापडला. २०१८ साली कर्नाटकात दिसला आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आला.

पंख पसरले, की तो साधारण साडेतीन सेंटिमीटर भरतो. पुढचे पंख करडे-तपकिरी, मागचे रुपेरी पांढरे. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असतो. मादी मात्र मातकट.

मादी मक्याच्या पानावर शंभर-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालते. वर आपल्या अंगाची लव पसरते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढे पोंग्यात शिरतात. मग पानांना भोके पडतात आणि पोंग्यात भुशासारखी घाण दिसते.

अळी ओळखायची कशी? तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराची फिकट खूण असते. शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात असतात.

अळी पोंग्यात खोल गेली, की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून मका लहान आहे तोवरच पाने उलटून बघा. पुंजका दिसला, तर लगेच घरच्या मोठ्यांना दाखवा. ते तो चुरडून टाकतील. औषधाला मात्र आपण हात लावायचा नाही.

मका वाचला, तरच दावणीच्या गाईला वैरण मिळेल!